खरपुडीला घातलेलं पाणी

आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या झाडांचं एक लाकडी कपाट आहे. त्यातल्या एका कागदावर खरपुडीचं एक रोप चिकटवलेलं आहे आणि त्याखाली माझ्या अक्षरात 'दुर्मीळ' असं लिहिलेलं आहे. मी ते लिहिलं तेव्हा तो आमच्या विभागप्रमुख सरांचा अंदाज होता. पुढच्या पंधरा दिवसांत मी तो खरा करून दाखवला.

ही गोष्ट मी आजवर फक्त बायकोला सांगितली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाडांचंच ना?" मी हो म्हणालो. ती कुकर बघायला उठली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण आता पन्नाशी उलटली आहे आणि ही गोष्ट काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

मी कुंडलचा. आमचं रान उसाचं. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन परत आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी पाण्याला दिलं. विहीर, मोटर, पाइप, पाट आणि पाळी यांखेरीज ते फारसं बोलत नसत. कुणाचीही चौकशी करताना आधी पाणी विचारत. माझ्या थोरल्या बहिणीला आटपाडीकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक होता, निर्व्यसनी होता. आबांनी पाहुण्यांना चहा दिला आणि विचारलं, "पानी कसं हाय तुमच्याकडं?"

पाहुणे म्हणाले, "पाऊस पडला तर हाय."

आबांनी त्यांना आणखी एकेक कप चहा दिला आणि एसटीपर्यंत पोचवून आले.

त्यामुळे झाड सुकलं की पाणी आणि पिवळं पडलं की पाणी अधिक मूठभर युरिया, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून येत होतं. पुढे सांगलीला राहून मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. त्या शिक्षणाने या समजुतीला काही धक्का लागला नाही.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला साताऱ्याच्या एका महाविद्यालयात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी मिळाली. प्रयोगाच्या तासाला मुलांना कांद्याचं साल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचं, हे माझं मुख्य काम. विभागप्रमुख सर वयस्कर होते, दम्याने बेजार होते आणि शिकवत फार सुंदर. त्यांचा आवडता विषय बेटांचा. समुद्रात लांब एकटी पडलेली बेटं, तिथे उडायचं विसरून गेलेले पक्षी, जगात दुसरीकडे कुठेही न उगवणारी झाडं. जमीन एकदा वेगळी पडली की तिच्यावरचे जीव आपल्या मनाने वाढतात, असं ते सांगत. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नव्हता पाहिला. ते ओळखून सर खिडकीतून पश्चिमेकडच्या डोंगरांकडे बोट करत आणि म्हणत, "बेट बघायला बोटीत कशाला बसायला पाहिजे? ते सडे आहेत ना. समुद्राऐवजी दरी आहे, एवढाच फरक."

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. चारी बाजूंनी कडे, वर जांभा दगड आणि त्यावर कुठे वीतभर, कुठे बोटभर माती. चार महिने असा पाऊस की हातभर अंतरावरचं दिसत नाही, आणि पुढे आठ महिने असं कोरडं की दगडाशिवाय काही दिसत नाही. खालच्या गावातलं गवत वर टिकत नाही आणि वरचं खाली उतरत नाही. सरांना दम्यामुळे चढवत नसे. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी पत्र्याचा डबा खांद्याला अडकवून मी सड्यावर जायचं, जे वेगळं दिसेल ते आणायचं, असं ठरलं.

सड्याच्या कडेला एका धनगराचं घर होतं. नवरा-बायको आणि अकरा म्हशी. तो गडी साठीचा, काटक, डोक्यावर घोंगडीची खोळ. मी त्यांना मामा म्हणे, ते मला मास्तर म्हणत. डेमॉन्स्ट्रेटर हा मास्तरच्या खालचा असतो, हे मी एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं.

"मुलं असत्यात का म्होरं?" त्यांनी विचारलं.

"असतात."

"मग मास्तरच की रं."

मामांना सड्यावरची सगळी झाडं माहीत होती. कुठलं म्हैस खाते, कुठलं हुंगून सोडते, कशाने दूध कडसर होतं, कशाचा पाला ठेचून खुराला लावतात. मी नाव विचारलं की ते लगेच सांगत, आणि मी वहीत लिहून घेत असे. पहिल्या पावसाळ्यात वही निम्मी भरली. कधी कधी मी न विचारताच ते बोलावून घेत. "मास्तर, हिकडं ये, तुला एक गंमत दावतो." मग ती गंमत म्हणजे एवढीशी, मोहरीच्या दाण्याएवढी काहीतरी असे आणि ती पाहायला पालथं पडावं लागे. सबंध चिखलात माखून मी परत येई. माझी खोली ज्यांच्याकडे होती त्या बाई मला आधी अंगणात पाय धुवायला लावत.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावण संपता संपता, मामांनी मला खरपुडी दाखवली.

सड्याच्या पश्चिम टोकाला, कड्यापासून पाच-सहा पावलं अलीकडे, दगडाची एक लांबट पायरी होती. त्या पायरीच्या खाचेत गवताच्या आडोशाने ती उभी होती. वीत-दीड वीत उंच, सरळ, बारीक पानांची. फूल कंदिलासारखं: खाली फुगीर, वर निमुळती नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकत्र येऊन झालेला पिंजरा. मामांनी एक फूल बोटांनी हलकेच धरून माझ्याकडे वळवलं. आत एक बारीक माशी होती.

"मेली?" मी विचारलं.

"मरतीय कशाला? मुक्कामाला हाय. आत केसं असत्यात, खाली वळल्याली. आत जाता येतं, भायेर येता येत न्हाई. उद्याच्याला फूल वाळलं की केसं झडत्यात. मग जाती आपली दुसऱ्या खरपुडीकडं."

पुस्तकात याला दीड पान लागलं होतं.

मी विचारलं, "अजून कुठे आहे ही?"

"ह्या पायरीवर. दुसरीकडं न्हाई. पल्याडच्या सड्यावर माझा साडू ऱ्हातो, तिकडं बी न्हाई."

आम्ही दोघांनी मिळून मोजली. तेवीस निघाली.

मग मामांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली, म्हणजे मला माहीत नव्हती असं म्हणायला मला जागा नाही. खरपुडीच्या बुडाशी कंद असतो, चपटा, लहान बटाट्याएवढा. तो ते लोक खात. पण कधी खायचा याला रीत होती. फूल गेलं की झाडाला दोन शिंगं येतात, म्हणजे शेंगा. ती शिंगं उकलून आतला कापूस वाऱ्यावर जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर, कापूस उडाला की, कंद उकरायचा, खालचा निम्मा मोडून घ्यायचा, देठासकटचा वरचा भाग परत त्याच खड्ड्यात ठेवायचा आणि टाचेनं दाबायचा. दाबताना "ऱ्हा गं बाई" म्हणायचं. ज्या झाडाचा एकदा घेतला त्याचा पुढची दोन वर्षं घ्यायचा नाही.

"समजा वरचा भाग नाही ठेवला परत?" मी विचारलं. विद्यार्थ्याने विचारावं तसं विचारलं.

"का ठिवायचा न्हाई?" मामा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नाही.

मी दोन झाडं मागितली. सरांना दाखवायला. शिंगं यायची होती, म्हणून मामा जरा थांबले. मग म्हणाले, "शाळंसाठी हाय तर घे." दोन झाडं त्यांनी स्वतः उकरून दिली, कंदासकट, कारण कागदावर अख्खं झाड लागतं हे मी त्यांना सांगितलं होतं. रिकाम्या खड्ड्यांवर त्यांनी टाच दाबली. काही म्हणाले नाहीत.

सरांनी झाड भिंगाखाली घेतलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग जुनी पुस्तकं काढून घेतली, मला शिडीवर दोनदा चढवलं. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "ही आपल्या या डोंगरांखेरीज जगात कुठे नाही. आणि इथेही मी स्वतः कधी पाहिली नव्हती." ते माझ्याशी प्रथमच अहो-जाहो न करता बोलले. "किती आहेत रे तिथे?"

"एकवीस उरली, सर."

"दोन नमुने पुरेत. तिसरं आणू नकोस. जागा कुणाला सांगू नकोस."

अशा प्रकारे ज्यांना त्या झाडातलं कळत होतं त्या दोघांनीही मला काय करायचं नाही ते स्पष्ट सांगितलं होतं.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. एकवीस झाडं, बोटभर मातीत, कड्याच्या टोकाला. म्हशी तिथून चालतात. वणवा लागतो. एखादं वर्ष पाऊस दगा देतो. आणि त्या झाडांची ती अवस्था! वीतभर उंची, दोन-चार पानं, एखादं फूल. आमच्या कुंडलच्या बांधावरचा माठसुद्धा त्याहून जोमदार असतो. बिचारी दगडावर कशीबशी तग धरून आहेत, यांना जर काळी माती मिळाली, वेळेवर पाणी मिळालं, तर काय होतील? असा विचार मी करत होतो. त्यात दयेचा भाग होता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तेवढ्याच प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की दोन-तीन वर्षांत आमच्या रानात शे-दोनशे खरपुड्या उभ्या आहेत, लांबलांबचे प्राध्यापक पलूसला उतरून पत्ता विचारत येत आहेत आणि आबा त्यांना चहा देत आहेत, असंही चित्र मला दिसत होतं.

गणपतीच्या सुट्टीत मी सड्यावर गेलो. बाजाराचा दिवस निवडला. त्या दिवशी मामा-मामी दोघंही खाली बाजाराला जातात, हे मला माहीत होतं. चांगलं काम करायला चाललेला माणूस बाजाराचा दिवस का निवडतो, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. एकवीसच्या एकवीस झाडं कंदासकट काढली. वरचा भाग ठेवला नाही, कारण उसाचं बेणं निवडताना चांगलं ते घ्यायचं आणि अख्खं घ्यायचं, हे आबांनी शिकवलेलं. शिंगं नुकती धरली होती, हिरवी होती. ओलं शेवाळ लावून झाडं डब्यात ठेवली. खड्डे तसेच ठेवले.

कऱ्हाडला गाडी बदलली. कंडक्टरने डबा पायाने जरा सरकवून विचारलं, "काय हाय ह्यात?"

"कंद आहेत."

"रताळी?"

"नाही, रानातले."

"खायाचं का लावायचं?"

"लावायचे."

"मग ठीक हाय," तो म्हणाला आणि पुढे गेला.

आबांनी डबा उघडून एक झाड हातात घेतलं, वरून खाली पाहिलं. "ही दगडावर हुती म्हनतोस?"

"हो."

"आरं, मग चांगल्या रानात कुठल्या कुठं जाईल ही!" त्यांचा चेहरा उजळला. आमच्याकडे निर्वासित आल्यासारखं त्यांनी सगळं मनावर घेतलं. पाटाच्या कडेचा, पहिलं पाणी जिथे पोचतं तो तुकडा त्यांनी खरपुडीला दिला. त्यासाठी उसाची अर्धी सरी मोडली. उसाची सरी आबांनी त्याआधी कुणासाठी मोडलेली मला आठवत नाही. बहिणीच्या लग्नात मांडवाला जागा कमी पडत होती, तेव्हाही मोडली नव्हती. शेणखत घातलं, काठ्या रोवल्या, एका ओळीत सात अशा तीन ओळी केल्या, पलटणीसारख्या. पाळीचं पाणी आठवड्याने येई. तेवढ्यावर भागणार नाही म्हणून एक कळशी वेगळी ठेवली.

आणि खरपुडी वाढली. दसऱ्याला मी घरी गेलो तर मला ती ओळखू आली नाही. वीतभराची झाडं कमरेएवढी झाली होती, वेलासारखी काठ्यांवर चढली होती, पानं रुंद आणि तकतकीत. हिरवी शिंगं गळून गेली होती आणि फूल एकही नव्हतं.

"फुलंल," आबा म्हणाले. "आधी अंग धरू दे तिला."

दिवाळीत पानं पिवळी पडली. आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी सांगू शकतो की पाऊस संपला की असली झाडं वरून वाळतात आणि कंद जमिनीत कोरडा झोपतो. ती त्याची झोपायची वेळ असते. आम्हाला ती तहान वाटली. आबांनी कळशी रोजची केली. आणि मूठमूठ युरिया.

दिवाळीची सुट्टी संपवून मी सड्यावर गेलो. मामा वाटेतच उभे होते.

"मास्तर, खरपुडी गेली रं."

मी म्हशींकडे बघितलं.

"डुकरानं न्हाई नेली. डुकराचं उकरनं असं वळीनं नसतं. आन डुक्कर शेवाळ काढीत न्हाई दगडावरचं."

मी सांगून टाकलं. मीच नेली. इथे धोका होता, म्हणून घरी नेऊन लावली आहे. चांगल्या काळ्या जमिनीत आहे. कमरेएवढी झाली आहे.

मामांनी म्हैस हाकली. मग म्हणाले, "कंबरंएवढी?"

"हो."

"खरपुडी?"

"हो मामा."

"आसंल बाबा. पानी हाय न्हवं तुमच्याकडं." मग थोडं पुढे जाऊन वळून म्हणाले, "मला इचारलं आसतंस तर मी काय न्हाई म्हनलो नसतो." हे खोटं होतं. ते नाही म्हणाले असते. मला लाज वाटू नये म्हणून ते तसं म्हणाले, हे मला तेव्हाही कळलं. "फुडच्या पावसाला थोडी आनून लाव म्हंजे झालं. हिच्या तोंडाला चव ऱ्हात न्हाई खरपुडीबिगर." ही म्हणजे मामी.

मी आणतो म्हणालो. त्या दिवसापासून ती एकवीस झाडं जगणं ही एवढी एकच गोष्ट मला हवी होती. कंबरेएवढी नकोत, फूल नको, प्राध्यापक नकोत.

पौषात आबांचं कार्ड आलं. आबा पलटणीत रिपोर्ट लिहीत तसंच घरी लिहीत. 'तुझी झाडे गेली. उकरून पाहिले, आत लगदा झाला आहे. पाणी कमी पडले असे वाटते. ऊस ठीक आहे.'

मी सड्यावर गेलो ते हे सांगायलाच गेलो. मामीने चहा दिला, दुधाचाच जवळजवळ. मामांनी विचारलं, "कशी हाय आमची?"

मी म्हणालो, "झोपलीय आता."

"व्हय, येळच हाय ती." त्यांना बरं वाटलं. "आता हात लावू नगा. पानी तर दावूच नगा."

मी मान डोलावली आणि चहा संपवला.

शिमग्याला मी घरी होतो. दुपारी जेवणं व्हायची होती. दारात मामा उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा फेटा, काखेत एक लहानशी पिशवी, तोंड सुतळीने बांधलेली. सड्यावरून निघून तीन गाड्या बदलून आले होते. कुंडलच्या स्टँडवर 'साताऱ्याच्या कॉलेजातला मास्तर' एवढंच विचारलं होतं आणि गावाने त्यांना बरोबर आणून सोडलं होतं.

आबांना पाहुणे आवडत. त्यातून रान पाहायला आलेला पाहुणा. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी मामांना थेट विहिरीवर नेलं. मोटर दाखवली, चालू करून दाखवली, बंद करून पुन्हा चालू करून दाखवली. मामांनी पाटात वाहणारं पाणी बघितलं.

"लय पानी हाय," ते म्हणाले.

"हाय," आबा म्हणाले. "तुमच्याकडं कसं?"

"आमच्याकडं काय, चार म्हैनं बुडतोय, आठ म्हैनं वाळतोय."

आबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "आसं कसं भागतं?"

"भागतं."

मग मामांनी पिशवी पुढे केली. "सड्यावरली माती आनलीया थोडी. म्हनलं, खरपुडीच्या बुडाला टाकू. तिला वळखीची." आणि माझ्याकडे वळून, "कुठं हाय रं ती?"

मी काय बोलणार होतो मला आठवत नाही. बोलायची पाळी आलीच नाही. आबा म्हणाले, "ती व्हय? ती कुजली की. पौषातच. पोराला कार्ड टाकलं हुतं मी."

त्यांनी मामांना जागा दाखवली. काठ्या अजून तशाच होत्या. मामा उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरली. दुसरीकडे उकरली. ती माती हातात घेतली की तेल लावल्यासारखी चमके, एवढी सकस होती. त्यांनी ती हुंगली.

"पानी किती दिसाला देत हुता?"

"पाळी आठ दिसाची. पन ही नाजूक म्हनून हिला रोज कळशी. मी सोता घालायचो. एक दीस चुकवला न्हाई."

"रोज?"

"रोज."

मामा उठले, हात झटकले. "लय केलंत तुमी," ते आबांना म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आबांना ती शाबासकी वाटली आणि ते म्हणाले, "करायला पायजेच की. तुमची वस्तू."

आईने पुरणपोळी केली होती. मामा जेवले, आणखी एक घ्या म्हटल्यावर आणखी एक घेतली. मातीची पिशवी पुन्हा सुतळीने बांधून काखेत धरली. आबा म्हणाले, "आता ती इथंच टाका की." मामा म्हणाले, "नगं. वर मातीच कमी हाय." मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी यायला पाऊण तास होता. मी तीनदा बोलायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुझा बाप चांगला मानूस हाय."

पुढच्या पावसाळ्यात सरांनी हट्ट धरला. दमा असो नसो, खरपुडी डोळ्यांनी जागेवर बघायची. पायथ्यापर्यंत जीप मिळाली, तिथून त्यांना थांबत थांबत दोन तासांनी वर नेलं. मामा होते. माझ्या मनात एक वेडी आशा होती, की खाचेत कंदाचा एखादा तुकडा राहिला असेल, गेल्या वर्षीच्या बियांतलं एखादं उगवलं असेल. आधीच्या दोन रविवारी मी येऊन पायरीवर पालथा पडून शोधलं होतं. गवत होतं, तेरडा होता. तरी मी सरांना त्या पायरीवर नेलं नाही. तिच्या अलीकडच्या दुसऱ्या पायरीवर नेलं आणि म्हणालो, "इथेच होती, सर. यंदा दिसत नाही. पाऊस उशिरा झाला म्हणून असेल."

खरी पायरी दाखवली असती तर खड्डे दिसले असते, ओळीने. सरांनी वहीत लिहिलं: यंदा आढळली नाही, पाऊस लांबल्याचा परिणाम असावा. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून त्यांनी लिहिलेलं हे वाक्य नंतर त्यांच्या एका लेखातही आलं. मामा दोन हात अंतरावर उभे राहून हे सगळं ऐकत होते.

सरांना बसायला दगड दिला. दम बसल्यावर त्यांना उत्साह आला. मी त्यांना मामांबद्दल इतकं सांगितलं होतं, की ते एकेक झाड दाखवून विचारू लागले.

"याला काय म्हणता तुम्ही?"

"गवात," मामा म्हणाले.

"आणि हे, निळ्या फुलाचं?"

"त्ये बी गवातच."

"म्हशी खातात?"

"खात असत्याल."

सर माझ्याकडे पाहून हळूच इंग्रजीत काहीतरी म्हणाले, त्याचा अर्थ या माणसाला फारसं माहीत नाही असा होता. निळ्या फुलाचं नाव मामांनीच मला आदल्या वर्षी सांगितलं होतं, आणि ते नाव कसं पडलं तेही. मी ते सरांना सांगितलं नाही.

उतरताना सर पुढे, काठी टेकत. मी मागे रेंगाळलो. मामा म्हशी वळवत होते. मी त्यांना म्हणालो, "मामा, माझं चुकलं. मी वाईटासाठी नव्हतं केलं."

"म्हाईत हाय मला," मामा म्हणाले. "चोरायला आला आसतास तर चार नेल्या आसत्यास, बाकीच्या ऱ्हायल्या आसत्या. तू चांगलं करायला आलास. म्हनून सांगत न्हाई आता तुला कायबी."

ते रागावलेले नव्हते. मामी सरांसाठी ताक घेऊन उभी होती आणि सर आणि मी, दोघंही ते प्यायलो. त्यानंतर तीन पावसाळे मी सड्यावर जात राहिलो. मामा भेटत, चहा होई, आबांची आणि उसाची चौकशी होई. झाडाचं नाव मी विचारलं की ते गवात म्हणत. पुढे पुढे मी विचारायचं सोडलं. चौथ्या वर्षी मला लेक्चरर केलं आणि रविवारची कामं वाढली.